बाटलीत न मावलेला हात

माझ्या आत्याच्या न्हाणीघरात फळीवर तेलाची एक बाटली असते. लेबलावर मल्याळम् आणि इंग्रजी. आत्याला त्यातलं एकही धड वाचता येत नाही, म्हणून तिने बाटलीला गावाचंच नाव देऊन टाकलंय. ‘कोट्टक्कल संपत आलंय’, ‘कोट्टक्कल आणायचं विसरू नकोस’, ‘मांजराने कोट्टक्कल सांडलं’. गुडघ्यांसाठी ती काही वर्षांपूर्वी तिथे तीन आठवडे राहून आली, तेव्हापासूनची ही भाषा. गावाचं नाव एखाद्या चिवड्याला किंवा चपलेला पडतं हे आपल्याला ठाऊक आहे. तेलाला पडायचं, तर त्यामागे एखादी संस्था दीर्घकाळ खपलेली असावी लागते. कोट्टक्कलची आर्य वैद्य शाला १९०२ पासून खपते आहे.

महाराष्ट्रातून तिकडे जाणं आता सोपं झालंय. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईहून निघालेली नेत्रावती एक्सप्रेस रोहा-रत्नागिरी-मडगाव करत थेट मलबारात शिरू लागली. तिरूर स्थानकावर उतरायचं, तिथून रस्त्याने कोट्टक्कल. जिल्हा मलप्पुरम. पण ज्या वर्षी ही संस्था निघाली त्या वर्षी मलप्पुरम जिल्हा नव्हता, केरळ राज्यही नव्हतं. मलबार हा मद्रास इलाख्याचा एक जिल्हा होता. सरकारी दवाखाना, सरकारी डॉक्टर आणि बाटलीतलं लाल-पिवळं औषध गावोगाव पोचू लागलं होतं, आणि वैद्य आपापल्या ओसरीवर बसून ते पाहत होते.

त्या वैद्यांमधला एक पन्नियिंपळ्ळी शंकुण्णी वारियर. जन्म १८६९. वारियर ही देवळाच्या सेवेतली जात. माळा गुंफणं, देवळातली वरकड कामं हा त्यांचा परंपरागत उद्योग. शंकुण्णींनी आधी गावात आणि मग कुट्टंचेरीच्या अष्टवैद्य घराण्यात राहून वैद्यक शिकून घेतलं. केरळातल्या वैद्यांचा मुख्य ग्रंथ वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’. (तोच ग्रंथ अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये मुंबईत संपादून छापला. म्हणजे मलबारातल्या गुरुघरी पाठ होत असलेला ग्रंथ आपल्याकडे छापखान्यातून बाहेर पडत होता.) पुढे शंकुण्णींना डोळ्यांचा विकार झाला. उपचारासाठी ते मंजेरीच्या सरकारी डॉक्टरांकडे, डॉ. व्ही. वर्गीस यांच्याकडे गेले. डोळे बरे झाले, पण वैद्यबुवा परतले नाहीत. तिथेच राहून तीन वर्षं पाश्चात्त्य वैद्यक शिकले. मला हा त्यांच्या आयुष्यातला कळीचा प्रसंग वाटतो. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण समोरच्याच्या दवाखान्यात जाऊन त्याची मापं, त्याची औषधाची कपाटं, त्याची शिस्त तीन वर्षं न्याहाळणारा विरळाच.

१२ ऑक्टोबर १९०२ ला त्यांनी आर्य वैद्य शाला उघडली. तेव्हा ती रुग्णालय नव्हती, औषधं बनवून विकण्याचं ठिकाण होती. आज यात नवल वाटत नाही. पण त्या काळी वैद्य औषध द्यायचा म्हणजे बहुधा यादी द्यायचा. मुळ्या, साली, पानं घरच्यांनी गोळा करायची, कुटायची, धुवायची, चुलीवर तासन्तास आटवायची. आजारी एक आणि राबणारं सगळं घर. त्यातही राबणाऱ्या बहुतेक बायकाच. शिवाय जंगल लांब, वनस्पती ओळखणारा म्हातारा त्याहून लांब. शंकुण्णींनी हा सगळा खटाटोप आपल्या अंगणात घेतला आणि तयार काढा, तयार अरिष्ट, तयार तेल रुग्णाच्या हाती दिलं. कोणतं औषध कशावर, ते सांगणारं ‘चिकित्सासंग्रहम्’ हे पुस्तकही काढलं. दूरच्या माणसाने ते वाचायचं आणि औषध मागवायचं.

हे वारं एकट्या मलबारातच वाहत होतं असं नाही. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ पासून औषधं करत होतं, मुंबईत सांडू बंधूंचा कारखाना १८९९ पासून. १९०७ मध्ये नाशिकला शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वैद्यांचं अखिल भारतीय संमेलन उभं केलं. आयुर्वेदाला ओसरीवरून उठवून बाजारात, छापखान्यात आणि सभामंडपात आणायची ती पिढी. शंकुण्णी वारियरांनी १९०३ मध्ये ‘धन्वंतरी’ हे मासिक सुरू केलं आणि ते वीसेक वर्षं चाललं. १९१७ मध्ये कोळिकोडला आर्य वैद्य पाठशाळा काढली. १९२४ मध्ये ती कोट्टक्कलला आणली आणि तिला जोडून धर्मार्थ रुग्णालय उघडलं. मधल्या काळात १९२१ चं मलबारचं बंड झालं. कोट्टक्कल ऐन त्या टापूत. त्या धामधुमीत वैद्यांचं घर भेदरलेल्यांचा आसरा बनलं होतं.

इथवरची गोष्ट बाटलीची. पण आयुर्वेदात असा एक मोठा भाग आहे की जो बाटलीत भरता येत नाही. तेल भरता येतं. ते लावणारा हात भरता येत नाही.

वाग्भटाने दिनचर्येच्या अध्यायात अंगाला तेल लावणं, म्हणजे अभ्यंग, रोजच्या कामांत घातला आहे. दात घासावेत, डोळ्यांत अंजन घालावं, अंगाला तेल लावावं, व्यायाम करावा, आंघोळ करावी, अशा सरळ यादीत. त्याने थकवा जातो, वात शमतो, झोप नीट लागते, कातडी चांगली राहते, असं तो सांगतो. डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून लावावं, हेही सांगतो. आणि कुणी लावू नये हेही लगोलग सांगतो. कफाने बेजार झालेल्याने, नुकतंच वमन-विरेचन झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तेलाच्या वाटेला जाऊ नये. आजकाल मालीशच्या जाहिरातींत सगळ्यांना सगळं चालतं. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस जास्त सावध होता.

आपण मराठी माणसांनी या नित्यनियमाचं काय केलं? सण केला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल, उटणं, कडकडीत पाणी, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत रजा. जन्मल्यावर मात्र कोण थाट! टाळू भरली जाते, तेलवाली बाई येऊन पायांवर उताणं पालथं करून बाळाला रगडते. बाळंतिणीचीही सव्वा महिना पाठ-कंबर चोळून, शेक-शेगडी होते. मुलगा तालमीत गेला तर वस्ताद आणि जोडीदार मालीश करतील. बाकीच्यांनी तेल म्हणजे फोडणीचं एवढंच समजायचं. पाठ धरली की मग आठवण होते. केरळात डोक्याला तेल चोपडून आंघोळ करणं हे अजून बऱ्याच घरांत साधं रोजचं काम आहे, त्याला कुणी ‘वेलनेस’ म्हणत नाही. आणि कर्कटक महिना, म्हणजे मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, भर पावसाचा, शरीराची डागडुजी करण्यासाठी राखून ठेवलेला असतो. औषधी पेज प्यायची आणि अंग चोळून घ्यायचं.

तेल बनतं कसं, ते पाहिलं की हाताचा मुद्दा अधिक उलगडतो. बहुतेक औषधी तेलांचा पाया तिळाचं तेल. त्यात वनस्पतींचा वाटलेला लगदा, म्हणजे कल्क, आणि काढा किंवा दूध घालून मंद आंचेवर शिजवत राहायचं. पाणी उडून जातं, गुण तेलात उतरतो. कधी थांबायचं? हाच खरा प्रश्न. कल्क चिमटीत घेऊन वळला की वात वळली पाहिजे, ती विस्तवावर धरली की तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. वात मऊ वळते, मध्यम वळते की खरखरीत, त्यावर तेल कशासाठी हे ठरतं. चरकाच्या मते नाकात घालायचं तेल मृदू पाकाचं, पोटात घ्यायचं मध्यम पाकाचं आणि अंगाला चोळायचं खर पाकाचं. आपल्याकडे गूळ करणारा गुळव्या चाचणी घेतो, तोच प्रकार. मोठमोठ्या कढया आल्या, वाफेवर चालणारी यंत्रं आली, प्रयोगशाळा आली. पण ‘वात वळली का?’ ही भाषा या धंद्यातून गेली नाही. आणि क्षीरबला तेलाचा एकशे एक आवर्तनांचा प्रकार ऐकला की आपण गप्पच बसतो. बला, म्हणजे आपला शेताच्या बांधावर उगवणारा चिकणा. त्याचा काढा, दूध आणि तेल एकदा शिजवायचं; मग तेच तेल नव्या काढ्यात, नव्या दुधात पुन्हा; असं एकशे एक वेळा. एवढं झाल्यावर ते थेंबांनी मोजतात.

शंकुण्णी वारियरांना नाटकाचंही वेड होतं. १९०९ मध्ये त्यांनी परमशिवविलासम् नावाची नाटक कंपनी काढली. औषधाच्या कारखानदाराने नाटक कंपनी पोसणं हे आपल्याकडच्या संस्थानिकांना शोभणारं काम. पुढे १९३९ मध्ये कथकळीसाठी नाट्यसंघ उभा राहिला, आणि पी. एस. व्ही. नाट्यसंघ या नावाने तो आजही कोट्टक्कलला आहे. वैद्यशाळेच्या इतिहासात हे प्रकरण शोभेचं म्हणून देतात. मला मात्र ते मालीशच्या प्रकरणातच घालावंसं वाटतं. कारण कथकळी शिकणाऱ्या पोरांचं शरीर घडतं ते पावसाळ्यातल्या उळिच्चिलने. पहाटे उठून अंगभर तेल, मग कसरती, मग पोर जमिनीवर पालथं पडतं आणि गुरू वर बांधलेल्या आधाराला धरून तळपायांनी त्याचं अंग दाबत, सरकवत जातो. मांड्या बाहेर वळाव्यात, कंबर सुटावी, पायाच्या कडेवर उभं राहता यावं म्हणून. पहिले काही दिवस पोरं रडतात. कळरीपयट्टूच्या आखाड्यातही हीच रीत. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या कुणालाही हे परकं वाटणार नाही, फक्त आपल्याकडे पायाने तुडवण्याचं शास्त्र इतकं नेमकं झालं नाही. केरळातल्या वैद्याला तेलाचं शास्त्र ग्रंथातून मिळालं. दाब कुठे, किती आणि कोणत्या दिशेने, ही अक्कल त्या भूमीत आखाड्यांनी आणि रंगशाळांनीही राखली. कोट्टक्कलमध्ये हे दोन्ही एकाच माणसाच्या आश्रयाला होते, हा योगायोग मला फार आवडतो.

१९३३ मध्ये व्हाइसरॉयकडून ‘वैद्यरत्न’ किताब, १९३९ मध्ये मृत्युपत्र, ३० जानेवारी १९४४ ला मृत्यू. मृत्युपत्र महत्त्वाचं, कारण त्यामुळे वैद्यशाला घराण्याची खासगी मालमत्ता न राहता न्यासाकडे गेली. आपल्याकडे पहिल्या पिढीने उभं केलेलं दुसरीने वाटून घेतलं आणि तिसरीने विकलं, अशा कथा कमी नाहीत. इथे तसं घडलं नाही. संस्थापकांनंतर भाचे पी. एम. वारियर यांनी कारभार हाती घेतला, पण १९५३ मध्ये ते विमान अपघातात गेले. मग जबाबदारी आली धाकट्या भावावर, पी. के. वारियर यांच्यावर. १९२१ चा जन्म, १९४२ च्या चळवळीत शिक्षण सोडून उडी घेतलेला, डाव्या विचारांचा तरुण. तो तिशीत या खुर्चीवर बसला आणि जवळजवळ सात दशकं बसला. १९९९ मध्ये पद्मश्री, २०१० मध्ये पद्मभूषण, ‘स्मृतिपर्वम्’ या आत्मचरित्राला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार. वयाची शंभर वर्षं पुरी करून १० जुलै २०२१ ला ते गेले.

त्यांच्या कारकिर्दीतली, माझ्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट १९५४ ची. त्या वर्षी कोट्टक्कलला निवासी उपचारांचं रुग्णालय सुरू झालं. बाटली पोस्टाने माणसाकडे जात होती. आता माणूस हाताकडे येऊ लागला. श्रीमंत घराण्यांत पूर्वी वैद्य आणि त्याची माणसं महिनाभर मुक्काम ठोकून हे उपचार करत. चार मालीशवाले, स्वैपाकी, तेलाचे बुधले, लाकडी द्रोणी, एवढं सगळं सामान्य घराला परवडणारं नव्हतं. रुग्णालय निघाल्याने खोली, द्रोणी आणि माणसं एका ठिकाणी आली.

द्रोणी म्हणजे लांबलचक लाकडी पाट, कडांना खोबण, तेल ओघळून एका टोकाला जमेल असा उतार. त्यावर रुग्ण उघडा, फक्त लंगोटीवर. पुरुषाला पुरुष, बाईला बाई, हा दंडक. पिळिच्चिल या उपचारात दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतात, कोमट तेलात फडकी भिजवून अंगावर पिळतात आणि दुसऱ्या हाताने ते तेल अंगात जिरवत राहतात. शब्द मल्याळम् असला तरी ‘पिळणे’ कानाला लगेच ओळखीचं वाटतं. तेल निवत आलं की पुन्हा गरम करायचं. धार खंडू द्यायची नाही, ऊब उतरू द्यायची नाही. नवरकिळीत तेलाच्या जोडीला भात येतो. नवरा हे साठ दिवसांत येणारं भात, आयुर्वेदातलं षष्टिक. ते चिकण्याच्या काढ्यात आणि दुधात शिजवून त्याच्या पुरचुंड्या बांधतात आणि गरम गरम अंगावर फिरवतात. पुरचुंडी निवली की दुधात बुडवून ऊन झालेली दुसरी. अंग खिरीसारखं चिकट होतं. धारा या उपचारात कपाळावर तेलाची किंवा औषधी ताकाची संथ धार.

आत्या सांगते, पहिल्या दिवशी लाजेने तिचा जीव अर्धा झाला. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोघी एकमेकींकडे न बघता एकाच वेळी खांद्यावर असतात, एकाच वेळी कोपरावर, एकाच वेळी मनगटावर. ‘जात्यावर दोघी बसल्यासारख्या,’ ती म्हणाली. तिला मल्याळम् येत नाही, त्यांना मराठी येत नव्हतं. दुखतंय का, एवढं त्या तिच्या भुवईवरून ओळखायच्या.

हे काम करणाऱ्यांची नावं संस्थांच्या इतिहासात कुठेच येत नाहीत. वैद्यांच्या तसबिरी असतात, पुरस्कारांच्या यादीची संगमरवरी पाटी असते. रोज वाफेत आणि तेलात उभं राहून कंबर मोडेस्तोवर दुसऱ्याची कंबर चोळणारे मात्र ‘कर्मचारी वर्ग’ या दोन शब्दांत उरकले जातात. मला ही उणीव एकट्या कोट्टक्कलची वाटत नाही. मालीश करणाऱ्याचा हात सगळ्यांना हवा असतो, त्याच्याशी ओळख कुणालाच नको असते.

नव्वदीनंतर केरळात आयुर्वेद आणि पर्यटन यांची गाठ पडली. समुद्रकाठी, बॅकवॉटरच्या काठी जिकडे तिकडे मालीश केंद्रं निघाली. इतकी, की सरकारच्या पर्यटन खात्याला ‘ग्रीन लीफ’ आणि ‘ऑलिव्ह लीफ’ अशा श्रेण्या द्याव्या लागल्या. त्यातलं काही चांगलं आहे, काही नुसतं तेलकट. कोट्टक्कलने दिल्ली आणि कोचीतही रुग्णालयं काढली, पण त्याचा तोंडवळा रुग्णालयाचाच राहिला. मेणबत्त्या, बासरी आणि गुलाबपाकळ्यांच्या अपेक्षेने जाणाऱ्याला तिथे कडू काढा मिळतो, शाकाहारी जेवण मिळतं आणि दुपारी झोपू नका म्हणून सांगणारं कुणीतरी मिळतं. सात, चौदा किंवा एकवीस दिवस हे चालतं. मग ‘नल्लिरिक्का’. जितके दिवस उपचार, साधारण तितकेच दिवस घरी पथ्याने राहायचं. ऊन, वारा, प्रवास, रागराग टाळायचा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एकवीस दिवसांचे पैसे मोजलेले असतात म्हणून ते पाळतात. पुढचे एकवीस दिवस फुकटचे, म्हणून मोडतात.

आत्याने पथ्यातलं ऊन-वारा टाळलं. राग टाळणं काही जमलं नाही. पण निघताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक साधं काम सांगितलं होतं, ते तिने सोडलेलं नाही. रात्री झोपण्याआधी गुडघ्यांना आणि तळपायांना तेल, आठवड्यातून एकदा सगळ्या अंगाला, अजीर्ण किंवा ताप असेल तर नाही. तिच्या आईची काशाची वाटी माळ्यावर पडली होती, ती तिने उतरवली. आता रोज रात्री टीव्हीसमोर वाटी तळपायावर फिरते, वाटीचा तळ काळा होतो आणि आत्या तो पदराला पुसून मालिकेतल्या सुनेला नावं ठेवते. गुडघेदुखी अगदी गेली नाही, पण जिना चढते. तेलाने की चालण्याने की पाच किलो वजन उतरल्याने, हे तिलाही सांगता येणार नाही आणि मीही विचारत नाही.

परवा माटुंग्याला जाणार होतो, म्हणून विचारलं, काय आणू? म्हणाली, ‘कोट्टक्कल आण. दोन बाटल्या.’

‘एक संपायची आहे ना अजून?’

‘दुसरी तुझी. आणि रविवारी ये इकडे. पाठीला आपला हात पोचत नाही.’